पातं बसलं की झालं?

स्पार्क प्लगच्या टोकाशी एक मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. मधला इलेक्ट्रोड आणि त्याच्यावर वाकलेली पट्टी यांच्यामधलं हे अंतर. गाडीनुसार ते बदलतं, पण बहुतेक पेट्रोल इंजिनांत ते ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या आसपास असतं. इंजिन तीन हजार आरपीएमवर असेल तर प्रत्येक सिलिंडरमधलं इंधन सेकंदाला २५ वेळा पेटावं लागतं, आणि दर वेळी ठिणगीला हीच जागा ओलांडावी लागते.

अंतर कमी पडलं तर ठिणगी छोटी होते. तिची बरीचशी उष्णता आजूबाजूचा धातूच पिऊन टाकतो आणि इंधन नीट पेटत नाही. अंतर जास्त झालं तर ते ओलांडायला कॉइलचं व्होल्टेज पुरत नाही. १८८९ साली फ्रिडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की वायूतून ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल हे वायूचा दाब आणि मधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. साध्या भाषेत सांगायचं तर गाडी जागेवर उभी असताना जे अंतर सहज पार होतं, तेच भरल्या गाडीनं चढ चढताना जड जातं. तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो.

हे सगळं मी वाचून शिकलो. यातला नैतिक प्रश्न मात्र दिसला तो जामखेडच्या एका गॅरेजमध्ये.

माझ्या मामाकडे पेट्रोलवरचा छोटा हत्ती आहे. इंजिन दोन सिलिंडरचं, म्हणजे एक सिलिंडर चुकला की निम्मी ताकद गेली. गाडी रिकामी असली की झकास चालायची. कांदा भरून सौताड्याच्या बाजूचा चढ लागला की आचके द्यायची. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी प्लग काढले, ब्रशनं घासले, हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा दोन्ही प्लगच्या फटीतून फिरवला आणि प्लग परत बसवले. सेल्फ मारला, गाडी चालू झाली.

"काका, मापाचं काय?" मी विचारलं.

"पातं जातंय ना मधनं? मग झालं की!"

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हसू यायला हवं होतं. पण ते पातं म्हणजे काही अडाणीपणा नव्हे. हाताच्या करवतीचं पातं साधारण ०.६३ मिलिमीटर जाडीचं असतं. जुन्या स्कूटर-मोटरसायकलींना लागणारं अंतर त्याच्या जवळपासच होतं. कुणीतरी कधीतरी हे ताडून पाहिलं असणार. मग वस्तादाकडून पोराकडे, त्या पोराकडून पुढच्या पोराकडे ते पातं गेलं. गाड्या बदलल्या, पातं तेच राहिलं.

आणि त्यात एक बारीक गोम आहे. पातं आत गेलं म्हणजे अंतर किमान तेवढं आहे, एवढंच कळतं. ते किती जास्त आहे ते कळत नाही. ठिणग्या खाऊन खाऊन इलेक्ट्रोड झिजतो आणि फट रुंदावत जाते. अशा झिजलेल्या प्लगमधूनही पातं जातं, उलट जरा जास्तच सहज जातं. फिलर गेज आणून मोजलं, तेव्हा मामाच्या गाडीचं अंतर पुस्तकातल्या मापापेक्षा तीन-चार दशांश मिलिमीटर जास्त निघालं.

तर प्रश्न असा: गाडी चालू झाली, मग मिस्त्रींचं काम चुकलं असं म्हणायचं का?

परिणामावरून ठरवायचं तर गॅरेजमध्ये परिणाम चांगलाच होता. पण गॅरेजमधला परिणाम आणि चढावरचा परिणाम वेगळा. चढावर मिस्त्री नसतात. तिथं मामा असतो, मागं कांदा असतो आणि बाजार उघडायची वेळ जवळ आलेली असते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून वाया जातं, त्याचे पैसे मामाच्या खिशातून जातात, आणि मामा म्हणतो, "हल्ली पेट्रोलच भेसळीचं येतंय." ज्याच्या हातून चूक होते त्याला ती दिसत नाही, आणि जो भोगतो त्याला ती कळत नाही. अशा चुकीला तक्रार करणारा माणूसच नसतो. म्हणून मला वाटतं, जिथं कुणी तपासायला येणार नाही तिथंच मापाचा खरा नैतिक भार असतो.

इथवर आलं की मिस्त्रींना निष्काळजी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्यांच्याकडे दारात आठ गाड्या उभ्या होत्या. गाडीचं पुस्तक इंग्रजीत. त्यात आकडा असतो, पण तोच आकडा का, हे कुठंच नसतं. आमच्या कामातही हेच चालतं. कोडमध्ये कुणीतरी ३० सेकंदांची मर्यादा लिहून ठेवलेली असते. लिहिणारा नोकरी सोडून जातो, मागं राहिलेले त्या ३० ला हात लावायला घाबरतात. ३० ही आमची ब्लेडच. फरक एवढाच, की आमच्या ब्लेडला पगार जास्त मिळतो.

म्हणजे दोष ढोबळ मापाचा नाही. दोष आहे कारण न सांगता माप हातात देण्याचा.

याचं उत्तर शोधायला जामखेडबाहेर जायची गरज नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कितीतरी जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या, कितीतरी दलित घरांतल्या होत्या. डॉक्टरांकडचं ज्ञान त्यांच्या हाती सोपवता येतं, यावर आरोळे दांपत्याचा विश्वास होता. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जुलाब झालेल्या बाळाला द्यायचं मीठ-साखरेचं पाणी घ्या. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. इथंही अंतर सांभाळायचं असतं. मीठ कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर बाळाच्या जिवाला धोका. आरोग्यशिक्षणात यासाठी एक साधी खूण सांगतात: पाण्याची चव घेऊन बघा, ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. अश्रू हेही एक पातंच, तितकंच ढोबळ, फुकटात मिळणारं. पण या मापासोबत त्याचं कारण येतं. मीठ जास्त झालं तर काय होईल हे जिला माहीत आहे, ती चमचा बदलला तरी चुकणार नाही. जिला फक्त 'अर्धा चमचा' एवढंच माहीत आहे, ती मोठा चमचा हातात आला की चुकेल, आणि तो दोष तिचा नसेल.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येकाला पाशेन शिकवत बसायचं का? नाही. "भरल्या गाडीनं चढ लागला की ठिणगीला लांब उडी जमत नाही, म्हणून फट जास्त नको" एवढं वाक्य पुरतं. ते सांगायला प्लग घासायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. आणि ज्याला ते वाक्य माहीत आहे, त्याला उद्या वेगळं इंजिन आलं तरी कुठं सावध व्हायचं ते कळतं. गॅसवर चालणाऱ्या गाडीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथं अंतर बरेचदा कमी ठेवतात. इरिडियम प्लगचं टोक इतकं नाजूक असतं, की पातं रेटून फिरवलं तर तेच मोडेल. हे दोन नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत, कारण कळलं की निम्मं काम होतं.

मिस्त्रींनी फिलर गेज हातात घेतलं, पानं उलटसुलट करून पाहिली. बाजूची पट्टी हलकेच ठोकून माप जुळवलं. मधल्या इलेक्ट्रोडला त्यांनी धक्काही लागू दिला नाही. चिनीमाती तडकते हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं. शेजारी उभ्या पोरानं विचारलं, "वस्ताद, मग आपलं पातं चुकीचं हाय का?" ते म्हणाले, "पातं बरोबर हाय. कोणत्या गाडीला, ते बघायचं."

पोरानं 'का' विचारलं आणि वस्तादांनी त्याला गप्प केलं नाही. पुढच्या वेळी तुमच्या गाडीचे प्लग काढले जातील तेव्हा माप विचारा, आणि ते तेवढंच का, तेही विचारा. तपासणी घ्यायला म्हणून नको. मिस्त्रींना ठाऊक असेल तर शेजारच्या पोराच्या कानावर पडेल. ठाऊक नसेल तर दोघं मिळून पुस्तक उघडा. शे-दोनशे रुपयांचं गेज कुणीही विकत घेऊ शकतं. 'का' मात्र कुणीतरी कुणालातरी सांगावं लागतं.