नक्षी कोणाची?

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने वळसंगकडे निघालं की वाटेत एमआयडीसीतल्या यंत्रमागांचा खडखडाट कानावर येतो. चादरीवरची वेलबुट्टी तिथे विणकराच्या बोटांतून उतरत नाही. ती मागाच्या डोक्यावरच्या जकार्डात असते. जुन्या जकार्डात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक आलं की सुई आत शिरते आणि उभा धागा उचलला जातो; भोक नसेल तर धागा खालीच. धोटा आपला इकडून तिकडे. हो किंवा नाही, एवढ्याच भांडवलावर अख्खा मोर उमटतो.

मेंदू आणि संगणक जोडण्याची गोष्ट अमेरिकेतल्या कंपन्यांपासून सांगायची पद्धत आहे. मला ती मागापासून सांगावीशी वाटते. जोसेफ मारी जकार्डचा हा शोध १८०४च्या सुमाराचा. लिआँचे विणकर त्यावर चिडले, आणि उगाच नव्हे; हातातली कला पुठ्ठ्यावर गेली आणि पुठ्ठा मालकाचा. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी, म्हणजे संगणकाच्या पूर्वजासाठी, हेच पुठ्ठे योजले.

मेंदूकडे विज्ञान वेगळ्याच वाटेने आलं. जर्मनीतल्या हान्स बर्गरला तरुणपणी सैन्यात अपघात होता होता वाचला. त्याच दिवशी दूरवरच्या बहिणीला त्याची काळजी लागली आणि घरून तार आली. विचार हवेतून पोचतो की काय, या ध्यासापायी त्याने १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या. विचार काही पोचला नाही, पण त्या लहरींचा आलेख, ईईजी, हाती लागला. १९४० साली चेताशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टनने तर मेंदूला जादूच्या मागाचीच उपमा दिली.

उपमा देखणी, पण एका ठिकाणी फसते. मागाची नक्षी आधी ठरलेली असते. मेंदूत असा तयार पुठ्ठा नाही. १९६९मध्ये एबरहार्ड फेट्झने माकडाच्या एका चेतापेशीची तार काट्याच्या मापकाला जोडली. काटा हलला की खाऊ. माकड ती पेशी हवी तेव्हा चेतवायला शिकलं! २००४ साली मॅथ्यू नेगल या पक्षाघात झालेल्या तरुणाच्या मेंदूत ९६ विद्युतअग्रांची चकती बसवली, आणि हात हलवण्याच्या नुसत्या इराद्याने पडद्यावरचा कर्सर सरकू लागला. मनातलं सगळं वाचलं जातं ही भीती मला अजून तरी अवास्तव वाटते. यंत्र वाचतं तो मुख्यतः हालचालीचा इरादा, तोही माणसाने सराव करून दिल्यावर.

म्हणजे इथे पुठ्ठा दोघे मिळून पाडतात. राहतो मात्र कंपनीकडे. सेकंड साइट या अमेरिकी कंपनीने साडेतीनशेहून अधिक अंधांच्या डोळ्यांत दृष्टी देणारी यंत्रं बसवली होती. २०२०च्या सुमारास ती कंपनी डबघाईला आली आणि दुरुस्तीला कोणी उरलं नाही. माग बंद पडला तर कारागीर दुसऱ्या कारखान्यात जातो. या लोकांचं यंत्र त्यांच्या डोळ्यातच राहिलं.