टाकीत उरलेले इंधन

निवांत बसा. पाठ टेकली तरी चालेल. श्वास चालला आहे तसा चालू द्या, त्याला वळण लावायला जाऊ नका.

आता लक्ष हळूहळू वर न्या. छप्पर, ढग, विमानांच्या वाटा, सगळे मागे पडू द्या. मुंबईहून नागपूरला रेल्वेने जेवढे जावे लागते, जवळपास तेवढे सरळ वर जा. इथली हवा इतकी विरळ आहे की सुटलेल्या वस्तूला ती फारसा अडथळा करत नाही. खाली येताना वस्तू बहुधा जळून जाते खरी, पण या उंचीवरून खाली यायलाच शंभर वर्षे लागू शकतात.

याहूनही लांब जाणाऱ्या कक्षेत अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह फिरतो आहे. वजन दीड किलोही नाही. १९५८ साली तो सोडला, १९६४ मध्ये त्याचा आवाज बंद झाला. तो मात्र तिथेच आहे. त्याच्यापाशी क्षणभर थांबा. काम संपले की वस्तूही संपली, असे आपण किती सहज धरून चालतो!

आता त्याहून बारीक काही पाहू. १९८३ मध्ये चॅलेंजर यानाच्या खिडकीवर रंगाचा एक टवका आदळला. आकार मिलिमीटरच्या अंशाएवढा. काचेला खळगा पडला आणि यान परतल्यावर ती काच बदलावी लागली. रंग कुणी मुद्दाम उडवला नव्हता. तो सुटला, आणि सेकंदाला काही किलोमीटरच्या वेगाने फिरत राहिला. ‘एवढ्याशाने काय होते?’ हे वाक्य मनात येऊ द्या. ते शेवटचे कधी म्हटले, आठवून पाहा.

कधीकधी वरचे खालीही येते. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात लोकांनी आकाशात जळत्या रेषा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे कडे पडले. चिनी रॉकेटचा तो अवशेष असावा, असा जाणकारांचा अंदाज. रॉकेट सोडणाऱ्यांच्या हिशेबात लाडबोरी नव्हते. आपल्या कुठल्या कामाच्या हिशेबात कोण धरलेले नसते? उत्तराची घाई नको.

आता मेघा-ट्रॉपिक्सकडे वळू. भारत आणि फ्रान्सचा हा सुमारे हजार किलोचा उपग्रह २०११ साली, सुमारे ८६७ किलोमीटर उंचीवर गेला. उष्ण कटिबंधातले ढग, बाष्प आणि पाऊस पाहणे हे त्याचे काम. आयुष्य तीन वर्षांचे ठरले होते. माहिती तो दहा वर्षे देत राहिला. त्यानंतर टाकीत सुमारे १२५ किलो इंधन उरले होते. तसेच राहिले असते तर कधीतरी उपग्रह फुटण्याचा धोका होता. नियंत्रित रीतीने खाली आणण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. तरी इस्रोने त्याच इंधनावर ऑगस्ट २०२२ पासून वीस वेळा त्याची कक्षा थोडी थोडी खाली ओढली. ७ मार्च २०२३ रोजी, प्रत्येकी वीसेक मिनिटांच्या शेवटच्या दोन ज्वलनांनंतर, पॅसिफिक महासागराच्या निर्मनुष्य भागावर तो वातावरणात शिरला.

या वीस खेपांवर मन ठेवा. त्यांतून पावसाची एकही नोंद मिळाली नाही, तरी ते कामच होते. २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा, सरकारी आणि खासगी, मागे कचरा न ठेवणाऱ्या करायचे इस्रोने ठरवले आहे. म्हणजे आवरण्याचे इंधन आता नशिबाने उरायचे नाही. उड्डाणाआधीच मोजून वेगळे काढायचे.

तुमच्या हातातले एखादे मोठे काम समोर आणा. ते सुरू करायला किती बळ लागेल, हे तुम्ही मोजलेच असेल. आता ते नीट मिटवायला किती लागेल, तेही मोजा, आणि तेवढे आजच बाजूला काढा.