पडू नये म्हणून बसून राहायचे का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक आजी न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. वय ८१. सुदैवाने हाड मोडले नाही, मनगट तेवढे सुजले. दुसऱ्याच दिवशी मुलाने अंगणाच्या फाटकाला कुलूप लावले. रोज सकाळी मिस्साला चालत येणाऱ्या आजी खुर्चीत बसल्या. पहिल्या शुक्रवारी परमप्रसाद घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि आम्हीही तेच म्हणालो, "आजी, आता घरीच बसा. आम्ही येऊ ना."

आजी हसल्या. "फादर, हात मोडला असता तर दीड महिन्यात प्लॅस्टर काढले असते. हे कधी काढणार?" त्यांचे बोट फाटकाकडे होते.

मुलाला दोष देणे सोपे आहे. पण त्याची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठी उलटलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. या वयात खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण धरावे लागते, मग पाठीला जखमा, छातीत कफ. आणि उठवायचे, बसवायचे, धुवायचे कोणी? बहुतेक घरांत सुनेनेच. तिची नोकरी, तिची झोप यांचाही हिशेब आहेच. म्हणून 'पडले तर मी पडेन, तुमचे काय जाते' असे म्हणण्याचा अधिकार आजींना पूर्णपणे नाही, असे आम्हाला वाटते.

पण कुलूप तरी काय साधते? आजी पडल्या न्हाणीघरात, कुलूप लागले फाटकाला! शिवाय बसून राहिले की मांड्यांतील ताकद जाते, तोल जातो, भीती वाढते आणि पडण्याची शक्यताही वाढते. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवर झालेल्या १०८ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केला. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. ज्याला आपण काळजी म्हणतो, तिच्यात कधीकधी आपल्या मनाची शांती अधिक असते आणि तिची किंमत मात्र दुसऱ्याने मोजायची असते.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. विवेक या सद्गुणाचे त्यांनी आठ घटक सांगितले आहेत. त्यांत सावधपणा आहे, तशीच दुसऱ्याकडून शिकण्याची तयारीही आहे. आणि ते शिकणे विशेषतः वृद्धांकडून, असे ते मुद्दाम नोंदवतात. परीक्षेसाठी हे आठही पाठ केले होते. आजींसमोर नेमका एकच आठवला.

(ज्यांची स्मृतीच गेली आहे, जे रस्ता विसरतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे फाटक बंद ठेवावे लागेल.)

पुढच्या भेटीत आम्ही मुलाला आणि सुनेला बसवून आजींनाच विचारले, "तुम्ही पडलात कशा?" हे तोवर कोणी विचारलेच नव्हते. रात्री उठले की त्या दिवा लावत नसत, सुनेची झोप मोडू नये म्हणून. सून ऐकून गप्पच झाली. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून उभे राहताना डोके गरगरते, हेही त्यांनी सांगितले नव्हते. उगाच डॉक्टरचा खर्च. मग पलंगाजवळ छोटा दिवा आला, न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी बसली, घसरणारे पायपुसणे गेले, डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण बदलले. कुलूप निघाले, पण पावसात एकटे यायचे नाही, हे आजींनी कबूल केले. थोडे कुरकुरतच.

आमच्याही चर्चच्या पायऱ्यांना आधाराचा कठडा नव्हता. मोठ्या उत्साहाने आम्ही तो चढताना उजव्या हाताला बसवून घेतला. पहिल्या रविवारी आजी वर आल्या, खूश झाल्या. उतरताना मात्र थबकल्या. पडल्यापासून त्यांच्या डाव्या मनगटात जोर नाही आणि कठडा आता डावीकडे होता. दुसऱ्या बाजूचे काम याच आठवड्यात सुरू होत आहे. या वेळी माप घ्यायला आजी स्वतः येणार आहेत.