पांडुरंगाला सगळं दिसतं, म्हणून?

वाचनालयाच्या संगणकांवर मी टॉर ब्राउझर टाकला, इंटरनेटवर वाचणाऱ्याची ओळख झाकणारा, तेव्हा कार्यकारिणीतल्या एका माळकरी काकांनी विचारलं, "ताई, पांडुरंगाला सगळं दिसतं. मग ही लपवाछपवी कोणापासून? कर नाही त्याला डर कशाला?" प्रश्न मनापासूनचा होता, आणि मीही त्याच पांडुरंगाला मानते.

देव साक्षी आहे. मुंडक उपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. त्याला काही नको असतं. आपण कुठल्या आजाराबद्दल वाचतो हे टिपून ठेवणाऱ्याला मात्र काहीतरी विकायचं असतं, नाहीतर कोणाला तरी धाकात ठेवायचं असतं. या नजरेला देवाच्या नजरेशेजारी बसवणं मला पाप वाटतं.

देवघेवीच्या टेबलाशी एक बाई यायच्या. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक पाककृतींच्या पुस्तकांखाली ठेवून पुढे सरकवायच्या, आणि मी नोंद करेपर्यंत दाराकडे बघत राहायच्या. त्यांनी काय गुन्हा केला होता? त्यांचं दुःख देवाला ठाऊक होतंच. सासरी कळायची घाई नव्हती.

टॉर नेमकं हेच सांभाळतो. एखादं संकेतस्थळ उघडायची आपली मागणी स्वयंसेवकांच्या तीन संगणकांवरून जाते, प्रत्येक टप्प्यावर कुलूपबंद मजकुराचा एकेक पदर उतरतो. पहिल्याला मागणारा कळतो, पण तो कुठे निघालाय ते नाही. शेवटच्याला ठिकाण कळतं, माणूस नाही. मधल्याला दोन्ही नाही. कल्पना निघाली १९९०च्या दशकात, अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत. मला तीत मोठी नम्रता दिसते. सर्वज्ञ असणं हे देवाचं काम, ते कुणा एका माणसाच्या हाती लागूच नये अशी ही बांधणी आहे.

आडोसा चोरालाही मिळतो, हे खरं. अमली पदार्थांचा 'सिल्क रोड' बाजार याच जाळ्यावर चालला. २०१३ मध्ये एफबीआयने तो बंद पाडला, चालवणाऱ्यालाही पकडलं. म्हणजे गुन्हेगार शोधता येतो, त्यासाठी सगळ्या गावावर पाळत लागत नाही.

न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावच्या किल्टन वाचनालयाने २०१५ मध्ये टॉरचा असाच एक मधला टप्पा स्वतःकडे चालवायला घेतला. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने पोलिसांना कळवलं, पोलीस वाचनालयाशी बोलले, काम थांबलं. सप्टेंबरात विश्वस्तांची सभा झाली, लोक बाजूने बोलले, आणि तो टप्पा पुन्हा सुरू झाला. ग्रंथपाल म्हणून मला त्या गावाचा हेवा वाटतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीही २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. वाचनालयं चालवणाऱ्या माझ्या बांधवांना एवढीच विनंती, कोण काय वाचतं हे विचारायला कोणीही आलं तरी आधी न्यायालयाचा लेखी आदेश मागा, आणि तो हातात पडेपर्यंत रजिस्टर उघडू नका.