सूर आणि शील

एखाद्या गायकाचा शुद्ध स्वर कानी पडला की मन निर्मळ होते. आणि त्याच गायकाच्या आचरणाविषयी काही विपरीत ऐकिले की तेच मन साशंक होते. असा स्वर घरात येऊ द्यावा की नाही, हा प्रश्न अनेक सद्गृहस्थांना पडतो. तो क्षुल्लक नव्हे. त्याच्या चुकीच्या उत्तराने कधी अपराधाला अभय मिळते, तर कधी निरपराध मनुष्यावर अन्याय घडतो. इतिहासात या दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत.

इटलीतील व्हेनोसाच्या संस्थानिक घराण्यातील कार्लो जेझुआल्दो याने १५९० साली नेपल्स येथे आपली पत्नी आणि तिचा प्रियकर या दोघांची हत्या केली. तो उच्च सरदारकुळातील असल्यामुळे त्याला शिक्षा झाली नाही. त्याने रचिलेली अनेक कंठांची गीते चारशे वर्षांनंतर आजही गायिली जातात. १९६० साली स्ट्राव्हिन्स्की या विख्यात संगीतकाराने त्यांपैकी काही गीते वाद्यवृंदासाठी नव्याने बांधून त्याला आदरांजली वाहिली.

आता आपल्या देशाकडे पाहावे. १९४६ साली हंगामी सरकारात नभोवाणीचे खाते सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे होते. ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय झाले आहे, अशा कलावंतांना आकाशवाणीवर स्थान देऊ नये, असे धोरण त्या वेळी ठरले. हेतू लोकशिक्षणाचा होता. परंतु त्याचा भार मुख्यत्वे बाईजींच्या घराण्यांतील गायिकांवर पडला. ठुमरी आणि दादरा यांची परंपरा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्याच या स्त्रिया. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा आरंभीच्या तबकड्यांवर गौहर जान यांचा आवाज होता. अशा घराण्यांत जन्मलेल्या मुलीला समाजाने सन्मानाच्या संसाराचे दार बहुधा बंदच ठेविले होते. जेथे निवडीला वावच नव्हता, तेथे दोष निवडीचा कसा म्हणावा? हत्या करणाऱ्या सरदाराला मान आणि रूढीने जखडलेल्या स्त्रीला नकार, असा हा उलटा न्याय होय.

म्हणून कलावंताच्या जीवनाविषयी काही ऐकू आले, तर विवेकी मनुष्याने प्रथम हे पाहावे की त्याच्या कृत्याने दुसऱ्या कोणाला इजा झाली काय. ज्याने परक्याला पीडा दिली त्याचा अपराध, ज्याने केवळ स्वतःची हानी करून घेतली त्याची दुर्बलता, आणि जिच्यावर समाजाने कलंक लादला तिचे दुर्दैव, या तीन भिन्न गोष्टी आहेत. लोकापवाद मात्र तिन्हींना एकाच मापाने मोजतो.

यानंतर श्रवण आणि गुरुत्व यांतला भेद ओळखावा. स्वर ऐकताना श्रोता स्वराचाच स्वीकार करितो, गाणाऱ्याच्या आचरणाचा नव्हे. सुंदर बंदिश ही रचणाऱ्याच्या दोषाने बेसूर होत नाही, आणि तिच्या सौंदर्याने त्याचा दोषही धुतला जात नाही. परंतु आपल्या मुलामुलीला कोणाच्या हाती शिकण्यास द्यावयाचे, हा प्रश्न निराळा. गुरुशिष्यपरंपरेत विद्यार्थी केवळ राग शिकत नाही; तो गुरूच्या सहवासात वाढतो आणि पुष्कळदा त्याच्या घरी राहतो. तेथे सूर आणि शील वेगळे करिता येत नाहीत. दुर्बलांना त्रास देणाऱ्या मनुष्याला केवळ त्याच्या कलेकडे पाहून शिष्य सोपविणे, सभेत अध्यक्षस्थान देणे किंवा पीडितांना गप्प बसविणे, हे रसिकत्व नव्हे. तो त्या अपराधातील भागच होय.

गोव्याच्या कलावंत समाजात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचा प्रसंग येथे स्मरणीय आहे. या समाजातील स्त्रियांना रूढीने विवाह नाकारिला होता आणि लोकनिंदा त्यांच्या वाट्याला जन्मतःच आली होती. १९७७ साली व्हॉयेजर याने पृथ्वीवरील निवडक संगीत घेऊन अंतराळात निघाली, तेव्हा भारताचे संगीत म्हणून केसरबाईंनी गायिलेली भैरवी त्यांतील सुवर्ण तबकडीवर होती. ज्या कुळाकडे बोट दाखवून अनेक गृहस्थांनी दार लावून घेतले असते, त्याच कुळातील हा स्वर होता.

गृहस्थाने कान उदार ठेवावे आणि विश्वास मात्र पारखून द्यावा. दुसऱ्याच्या खाजगी जीवनाचा निवाडा करण्यास बसण्यापूर्वी, त्या जीवनाला कोणती वाट मोकळी होती, हे स्वतःला एकदा विचारावे.