नकार ऐकण्याचे शिक्षण

स्त्रीपुरुषसंबंधांचा विचार आपल्याकडे शाळेच्या दारातून आला नाही. तो न्यायालयाच्या दारातून आला, आणि या वाटेचा त्याच्या प्रकृतीवर इतका खोल परिणाम झाला की, पंधरासोळा वर्षांच्या मुलामुलींना परस्परांशी आदराने वागण्याचे शिक्षण द्यावे, अशी तजवीज आज कोणी मांडली, तरी ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम कलम, वय, शिक्षा आणि बंदोबस्त याच गोष्टी उभ्या राहतात. वर्ग, शिक्षक आणि पाठ यांची आठवण त्याला फार उशिरा होते.

१८८४ साली दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंवर फिर्याद केली. अकराव्या वर्षी आपल्याशी लग्न झालेली ही पत्नी आपल्या घरी नांदावयास येत नाही, सबब कोर्टाने तिला तसा हुकूम करावा, एवढीच तिच्यातील मागणी. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली ती नाकारली. अपिलानंतर खटला पुन्हा उभा राहिला आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदावयास जा अन्यथा सहा महिने कैद भोगा, असा निकाल दिला, तेव्हा कैद पत्करू पण या पुरुषाकडे जाणार नाही, अशी भूमिका रखमाबाईंनी घेतली. १८८८ साली मामला तडजोडीने मिटला. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ काम केले. हे सारे सर्वश्रुत आहे. परंतु त्या चार वर्षांत वृत्तपत्रांतून शास्त्रार्थाची, विवाह हा संस्कार की करार या प्रश्नाची आणि परक्या सरकारच्या अधिकाराची जी घनघोर चर्चा झाली, तिच्यात एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही: एका स्त्रीने ‘नाही’ म्हटल्यावर ते ऐकून घेण्याची पुरुषाच्या मनाची तयारी कोणी, कधी आणि कोठे करावयाची? रखमाबाईंच्या नकाराचे समर्थन करणारेही तो नकार न्याय्य कसा, हेच सिद्ध करीत राहिले.

लगोलग आलेल्या संमतिवयाच्या वादाचेही तेच झाले. १८९१ च्या कायद्याने वयाची हद्द दहावरून बारावर नेली. तेवढ्या दोन वर्षांसाठी पुण्यातल्या सभा उधळल्या गेल्या, आणि सुधारक व सनातनी या दोन्ही पक्षांनी मुलीच्या शरीराची वाढ, तिचा धर्म आणि तिचे हित यांवर रकानेच्या रकाने लिहिले. नवऱ्याच्या वर्तनाला कायद्याची बेडी घालावी की न घालावी, एवढाच पुरुषाचा त्या वादाशी संबंध. त्याच्या मनाला वळण लावावे, ही बाब दोन्ही पक्षांच्या कैफियतीत नव्हती.

अपवाद एका माणसाचा करावा लागतो. गोपाळ गणेश आगरकरांनी स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, असा आग्रह ‘सुधारका’तून धरला. त्यांच्या युक्तिवादात मुलींच्या न्याय्य हक्काला जेवढे स्थान आहे, तेवढेच सहवासाने मनाला येणाऱ्या संस्कारालाही आहे, असे मला वाटते. ज्या मुलाने बालपणापासून मुलीला आपल्याच बाकावर गणित सोडविताना पाहिले आहे, त्याला पुढे तिच्याविषयी आदर बाळगा असा उपदेश करावा लागत नाही, हे त्या विचारातून सहज निघते. आगरकर १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. प्रत्यक्षात मात्र पुण्यात १८८४ साली निघालेली हुजूरपागा ही शाळा केवळ मुलींची होती, आणि धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेले महिला विद्यापीठ तर जपानी आदर्शावर, स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम घेऊनच उभे राहिले. या संस्थांनी केलेले कार्य अनमोल आहे आणि त्या काळी एकत्र शाळेत आपल्या मुली किती पालकांनी पाठविल्या असत्या, हा प्रश्नही रास्त आहे. तथापि या मार्गाने मुलींचे शिक्षण झाले, मुलग्यांचे हे शिक्षण मात्र झाले नाही.

त्याच कर्व्यांच्या ज्येष्ठ पुत्राने, रघुनाथरावांनी, प्रश्नाचा दुसरा पदर उलगडला. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढून, त्या कार्यापायी प्राध्यापकी सोडून, जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक एकहाती चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच अपराध मानला गेला आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दंड झाला, मासिक बंद पडले नाही. स्त्रीलाही स्वतःची इच्छा असते व ती मान्य झाली पाहिजे, हे रघुनाथराव इतक्या निर्भीडपणे लिहीत की, आजही कित्येक घरांत ते वाचून भुवया उंचावतील. परंतु त्यांचा वाचक प्रौढ होता, बहुधा विवाहित होता, आणि अज्ञान हटले की अन्याय आपोआप हटेल, ही त्यांची बुद्धिवादी श्रद्धा होती. अज्ञान हटले तरी अन्याय शिल्लक राहतो, हे पुढच्या पिढ्यांना दिसायचे होते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण एस. टी. स्टँडच्या भिंतीवर आला, आणि त्याच गावच्या शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातील प्रजननसंस्थेचा धडा ‘घरी वाचून घ्या’ या सूचनेवर उरकला गेला. मुले एका ओळीत, मुली दुसऱ्या ओळीत, ही वहिवाटही तशीच राहिली.

सत्तरीच्या दशकात विचाराला धक्का बसला तो पुन्हा न्यायालयाकडूनच. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती असावी, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने काढला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात या अर्थाचे वाभाडे काढले. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ साली कायद्यात फेरबदल घडविले. निमूट सोसणे म्हणजे होकार नव्हे, हे तत्त्व अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात उतरू लागले. परंतु ते पोरांच्या कानी कोणी घातले नाही. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीला, तिने झिडकारलेल्या तरुणाने परीक्षाकेंद्रातच जाळून मारले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. आणि हादरलेल्या महाराष्ट्राने काय केले, तर मुलींना जपून राहण्याचे आणि स्वसंरक्षणाचे धडे दिले. नायिकेने दहादा नाही म्हणावे आणि नायकाने अकराव्यांदा तिची वाट अडवून तिला जिंकावे, हे चित्रपट त्याच सुमारास त्याच वयाची मुले शिट्ट्या मारीत पाहत होती, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

२००५ साली केंद्र सरकारने किशोरवयीनांच्या शिक्षणाचा जो कार्यक्रम आखला, त्याला एड्स-नियंत्रणाची पार्श्वभूमी होती. विषय आला तो रोगाच्या पाठीवर बसून. त्यामुळे पुस्तिकांतील आकृत्यांवरून २००७ साली आपल्या विधिमंडळात गदारोळ होऊन महाराष्ट्राने आणि इतर काही राज्यांनी तो थांबविला, तेव्हा झालेला वाद शरीराविषयीच होता. २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांतील लैंगिक शिक्षणाविरुद्ध कौल दिला. विरोधक म्हणत, आकृत्या दाखवू नका; समर्थक म्हणत, दाखवा. सोबतच्या मुलीला चिडविणारा, तिचा पाठलाग करणारा मुलगा आकृत्या पाहिल्याने वा न पाहिल्याने कसा सुधारेल, हे कोणत्याच पक्षाने सांगितले नाही.

खरे वळण आले ते याच सुमारास, पण विधिमंडळाच्या बाहेर. १९९१ साली मुंबईत एका पत्रकाराने वृत्तपत्रात जाहिरात देऊन, बायकोला होणारी मारहाण थांबावी असे ज्यांना वाटते, अशा पुरुषांना हाक दिली होती. त्या हाकेला ओ देणाऱ्यांतून १९९३ साली ‘मावा’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे ‘युवा मैत्री’ या उपक्रमातून ती महाविद्यालयीन मुलग्यांपर्यंत पोचली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ची शिबिरे घेतली, त्यांत शरीराची माहिती आहे, पण ती नात्यातील जबाबदारीपासून तोडलेली नाही. ‘कोरो’ या संस्थेने ब्राझीलमधील एका प्रयोगाचा धागा पकडून मुंबईच्या वस्त्यांतील तरुणांसाठी ‘यारी दोस्ती’ चालविले, आणि २००८ साली तिनेच टाटा समाजविज्ञान संस्था व स्त्रियांविषयक संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था यांच्यासह महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ हा प्रयोग मांडला.

या शेवटच्या प्रयोगाची रचना विचार करण्याजोगी होती. १५ शाळांत वर्गातले तास आणि शाळेची मोहीम, १५ शाळांत नुसती मोहीम, उरलेल्या १५ शाळांत काहीच नाही, अशी विभागणी होती. आणि मतांमधील बदल सर्वांत अधिक दिसला, तो जेथे वर्गात बसून तास झाले तेथे. घरात पाणी कोण भरते, भावाच्या आधी कोण जेवते, राग आला की हात कोण उचलतो, असल्या साध्या गोष्टींवर मुले बोलू लागली, की मोठमोठ्या तत्त्वांचा उच्चार न करताही मुद्दा त्यांच्या ध्यानी येतो. प्रश्नावलीवरील उत्तर म्हणजे आचरण नव्हे, हे मान्यच आहे. पण भिंतीवरच्या घोषवाक्यापेक्षा तासाचा उपयोग अधिक, हे कळणे आपल्यासारख्या घोषवाक्यप्रिय राज्यात थोडके नव्हे. मुंबईतच शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांना हाताशी धरण्याचा ‘परिवर्तन’ नावाचा प्रयोग झाला, तो मला सर्वांत मार्मिक वाटतो. आईबापांचे न ऐकणारा मुलगा मैदानावरच्या ‘सरां’चे ऐकतो, आणि झेल सुटला की ‘बांगड्या भर’ असे ओरडणारे सरही आपल्या मैदानांवर नवखे नाहीत, तेव्हा शिक्षण प्रथम सरांचेच व्हावे लागते.

या साऱ्या उपक्रमांच्या वाटेत जी धोंड आहे, ती मात्र त्यांच्या पुस्तिकांत पुरेशी दिसत नाही. २०१४ साली नगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका दलित विद्यार्थ्याचा, सवर्ण मुलीशी त्याचे संबंध असल्याच्या संशयावरून खून झाला. २०१७ साली त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. अशा गावातल्या वर्गात मुलामुलींनी मोकळेपणाने बोलावे, मैत्री करावी, असे सांगणाऱ्या शिक्षकाने मैत्रीची खरी किंमत कोणाला मोजावी लागते हे सांगितले नाही, तर त्याचा पाठ अर्धाच राहिला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ‘जोडीदाराची विवेकी निवड’ ही शिबिरे जातीचा प्रश्न थेट विचारतात, म्हणून त्यांचे मोल मी अधिक मानतो.

दुसरी अडचण कायद्यानेच निर्माण केली आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील कोणाचीही संमती ग्राह्य मानलेली नाही, आणि अपराधाची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बालकांच्या रक्षणासाठी हा कायदा हवाच होता. पण सतरा वर्षांच्या दोघांनी आपल्या मर्जीने केलेली जवळीकही त्याच्या तडाख्यात सापडते, आणि ज्याने वर्गात विश्वासाचे वातावरण निर्माण केले, त्या शिक्षकाजवळ एखाद्या मुलीने मन मोकळे केले, की तो शिक्षक त्या क्षणी खबर देण्यास बांधला जातो. म्हणून जाणती शिक्षिका तासाच्या आरंभीच सांगते की प्रश्न चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, आणि स्वतःविषयी काही सांगू नका. म्हणजे जो विषय स्वतःविषयीच आहे, तो परक्याविषयी असल्यासारखा शिकवावा लागतो. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात संमतीचे वय खाली आणण्यास नकार दिला, परंतु सोळा ते अठरा या वयातील अशा प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत विवेकाधिकार असावा, अशी शिफारस केली. शिक्षकाला तसा काही विवेकाधिकार असावा किंवा कसे, हा प्रश्न अजून कोणाच्या दप्तरी दाखल झाल्याचे दिसत नाही.