कळ शोधण्याचा भार कोणावर?

अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर किंवा हातांची हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्तींसाठी संगणकात ज्या सोयी मुळातच दिलेल्या असतात, त्यांना सुगम्यता सुविधा म्हणतात. आणि वापरणाऱ्याने काहीही न बदलता यंत्र ज्या स्थितीत हाती येते, ती त्याची डिफॉल्ट, म्हणजे पूर्वनिर्धारित मांडणी होय. या मांडणीत बहुतेक सुविधा बंद असतात. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर सुरू करण्याची कळ जर पडद्यावरच्याच यादीत दडलेली असेल, तर एखादी डोळस व्यक्ती येऊन ती दाबेपर्यंत अंध व्यक्तीला स्वतःच्याच यंत्रापुढे ताटकळत बसावे लागते, आणि हा अन्याय तांत्रिक नसून नैतिक आहे.

तरीही सर्व सुविधा सर्वांसाठी सुरू ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आयफोनमधील व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर सुरू असताना पडद्यावरील घटकाला एकदा स्पर्श केल्यास त्याचे नाव केवळ उच्चारले जाते आणि कृतीसाठी दोनदा स्पर्श करावा लागतो, त्यामुळे ही पद्धत ठाऊक नसलेला माणूस तिथेच अडतो. म्हणून सुविधा बंद असली तरी तिच्यापर्यंतची वाट मात्र कायम उघडी असावी, आणि ती वाट डोळ्यांवाचून, एका हाताने, कोणालाही न विचारता सापडावी, हा निकष अधिक न्याय्य ठरतो. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्यास त्यातील नॅरेटर हा स्क्रीन रीडर बोलू लागतो. मात्र हे नव्या ग्राहकाला सांगायचे कोणी, याचे उत्तर यंत्राने पहिल्याच वेळी स्वतःच्या आवाजात दिले पाहिजे. अक्षरांच्या आकाराविषयी तर प्रत्येकालाच आरंभी विचारले जावे, कारण वयोमानाने नजर मंदावलेली माणसे स्वतःला अपंग मानत नाहीत आणि सुगम्यता सुविधांच्या यादीकडे कधी वळतही नाहीत.

अशी वाट कायद्यानेही उघडता येते. अमेरिकेत 1990 मध्ये झालेल्या कायद्याने, जुलै 1993 पासून 13 इंच व त्याहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांत संवाद अक्षरांत दाखवणारी यंत्रणा आतच बसवणे बंधनकारक केले. तोवर कर्णबधिर कुटुंबांना त्यासाठी वेगळी पेटी विकत घ्यावी लागत असे. कायद्याने ती अक्षरे कोणाच्याही पडद्यावर लादली नाहीत, फक्त ती मिळवण्याचा खर्च आणि खटाटोप गरजवंताच्या माथ्यावरून उतरवला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काशी जोडला आहे. त्या प्रकाशात बँका, ऑनलाइन परीक्षांची केंद्रे आणि सेवा केंद्रे येथील सामायिक यंत्रांचा विचार अधिक कठोरपणे व्हायला हवा, कारण घरच्या संगणकावर मांडणी एकदा बदलली की ती टिकते, परंतु सामायिक यंत्रावर ती बदलण्याची मुभाच पुष्कळदा वापरणाऱ्याला नसते. उदाहरणार्थ, विंडोजमध्ये शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबल्यावर स्टिकी कीज ही सुविधा, म्हणजे एकत्र दाबायच्या कळा एकेक करून दाबण्याची सोय, पुढे येते. इतरांना तिचा व्यत्यय वाटतो म्हणून ती वाटच कायमची बंद करून ठेवण्याचा अधिकार अशा ठिकाणी केंद्रचालकाला असता कामा नये.